आधी काय झाले, नंतर काय झाले



बारावी झालेली मुले-मुली कोंढ्याहून, पवनीहून कामासाठी नागपूरला जातात यात नवीन काही नाही. कुणी दवाखान्यात लागते, कुणी दुकानात, कुणी कुरिअरच्या गाडीवर. अलीकडे मात्र एका नव्या कामाचे नाव आमच्या कानावर येऊ लागले आहे. स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवणारी खासगी केंद्रे शहरांतून निघाली आहेत, तेथे मदतनीस लागतात. कामाचे नाव 'बिहेविअर टेक्निशियन', म्हणजे वर्तन तंत्रज्ञ. वस्तीतल्या दोन मुली या कामाला लागल्या. त्यांतली एक केंद्राने दिलेले टिपण घेऊन आमच्याकडे आली व म्हणाली, "काका, शब्द पाठ झाले, पण समजले काहीच नाही." त्याच वस्तीत अशी मुले ज्यांच्या पदरी आहेत अशी मायबापेही आहेत. त्यांना केंद्राची फी झेपणारी नाही आणि ते टिपण त्यांच्यापर्यंत पोचणारही नाही. म्हणून या वेळचे सदर आम्ही दोघांसाठी लिहीत आहोत : पगारावर हे काम करणाऱ्या मुलीसाठी, आणि बिनपगारी, रात्रंदिवस तेच काम करणाऱ्या मायसाठी.

आम्ही डॉक्टर नाही की मानसशास्त्राचे पदवीधर नाही. शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची. परंतु या विद्येची पुस्तके चाळताना आमच्या ध्यानात आले की तिचा पाया हिशेबाच्या वहीचाच आहे. रोजकीर्द नीट लिहिली तर खतावणी आपोआप बोलते. रोजकीर्दीत गडबड असेल तर मोठ्यातला मोठा ऑडिटरही काही करू शकत नाही. वर्तन तंत्रज्ञ हा या विद्येतला रोजकीर्द लिहिणारा माणूस आहे. तो कनिष्ठ आहे, पण सारी इमारत त्याच्या नोंदीवर उभी आहे.

पहिली गोष्ट, वर्तन म्हणजे काय? "पोर हट्टी आहे", "आगाऊ आहे", "डोकं फिरलं आहे", "अंगात काहीतरी शिरलं आहे" यांपैकी एकही वर्तन नाही. ही आपली मते झाली. वर्तन म्हणजे डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, मोजता येते ते. "सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जमिनीवर पडला, तीन वेळा डोके आपटले, चार मिनिटे रडला," ही नोंद झाली. दोन माणसे वेगवेगळी बसून लिहीत असतील तर दोघांच्या वहीत एकच मजकूर यायला हवा. 'हट्टी' हा शब्द लिहिला की तो येत नाही, कारण आजीला जे हट्टी वाटते ते मावशीला लाडिक वाटते.

याच संदर्भात ऑग्डेन लिंडस्ली या अमेरिकन संशोधकाने १९६० च्या दशकात एक मोठी गमतीची कसोटी सांगितली. जे काम मेलेला माणूसही करू शकतो ते वर्तन नव्हे! "गप्प बसणे", "त्रास न देणे", "जागचे न हलणे" ही कामे प्रेत आपल्यापेक्षा उत्तम करते. मग पोराला शिकवायच्या गोष्टींच्या यादीत 'शांत बसेल' असे लिहिले असेल, तर आपण त्याला नेमके काय शिकवणार आहोत? ही कसोटी वाचकांनी लक्षात ठेवावी, आम्हांला पुढे तिच्याकडे यायचे आहे.

आता वहीचे रकाने. ते तीन आहेत : आधी काय झाले, पोराने काय केले, नंतर काय झाले. इंग्रजीत त्यांच्या आद्याक्षरांवरून यालाच 'एबीसी' म्हणतात. टिपणातले अर्धे अवघड शब्द या तीन रकान्यांतच बसतात. सर्वसाधारण माणूस फक्त मधला रकाना पाहतो. पोराने गुंड ओतला, पोर चावले, पोराने पाटी फेकली. आधीचा आणि नंतरचा रकाना कोरा. एकाच बाजूची नोंद करून ताळमेळ लागत नाही हे कोणताही किराणा दुकानदार सांगेल.

आमच्या ओळखीतले एक उदाहरण सांगतो. घर कोणाचे ते सांगत नाही. सहा वर्षांचा मुलगा, बोलत नाही. माय-बाप दोघेही मजुरीला जातात, रोवणीच्या दिवसांत तर दिवस उजाडायच्या आत. मुलाची तक्रार एकच, संध्याकाळी भरून ठेवलेला पाण्याचा गुंड ओतून द्यायचा. नळाला पाणी दोन दिवसांआड, त्यात हे. घरचे म्हणत, मुद्दाम छळतो. शेजारची म्हातारी म्हणाली, करणी आहे. एका बुवाकडे तीन हजार रुपये गेले. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरी आपल्याच लोकांचे पैसे अजून या वाटेने जातात याचा आम्हांला मनस्वी खेद होतो.

मायला अक्षरओळख बेताची. म्हणून सातवीतल्या थोरल्या मुलीच्या हाती आम्ही शंभर पानी वही दिली आणि तीन रकाने आखून दिले. दहा दिवस कोणी काही बदलायचे नाही, फक्त लिहायचे. पोरीने फार चोख लिहिले. दहा दिवसांनी वही उघडली तर दिसले ते असे. सकाळी गुंड भरलेला असतो, पण तो सकाळी कधीच ओतला नाही. दुपारी आजीजवळ असतो, तेव्हाही नाही. सगळ्या नोंदी संध्याकाळच्या, आणि प्रत्येक वेळी 'आधी'च्या रकान्यात एकच : माय चुलीपाशी, पाठमोरी. 'नंतर'च्या रकान्यातही एकच : माय स्वयंपाक टाकून धावत आली, ओरडली, पाठीत दोन धपाटे दिले, पोर रडले, मग मायलाच वाईट वाटले आणि तिने त्याला कडेवर घेतले.

पोराच्या बाजूने हा हिशेब मांडून पाहा. दिवसभर माय दिसली नाही. आली तर पाठ करून बसली. तोंडाने "माय, ये ना" म्हणता येत नाही. गुंड ओतला की खर्च दोन धपाटे आणि जमा दहा मिनिटे मायचे कडेवर घेणे. हा सौदा त्याला परवडत होता. त्यात करणी नाही की सूड नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचा तो निरोप होता.

मग काय केले? तिन्ही रकान्यांत थोडे थोडे बदलले. चूल पेटवण्याआधी माय दहा मिनिटे त्याच्याजवळ बसू लागली, बाकी काही न करता. स्वयंपाकाच्या वेळी त्याला पाठीमागे न ठेवता शेजारी बसवून शेंगा सोलायला दिल्या. आणि मुख्य म्हणजे त्याला एक खूण शिकवली, मायच्या दंडावर दोनदा थोपटायचे. थोपटले की मायने तव्यावरची भाकर जळली तरी वळून पाहायचे, जवळ घ्यायचे. सुरुवातीला प्रत्येक वेळी, एकदाही न चुकता. गुंड ओतलाच तर ओरडायचे नाही, मारायचे नाही, कडेवरही घ्यायचे नाही. त्याच्या हाती फडके देऊन मुकाट्याने दोघांनी पाणी पुसायचे.

येथे इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पहिल्या आठवड्यात प्रकार कमी झाला नाही, वाढला. तिसऱ्या दिवशी तर गुंड आणि बादली दोन्ही ओतल्या. आजवर चालणारे नाणे एकाएकी चालेनासे झाले की माणूस ते आणखी जोराने आपटून पाहतो, तसे हे आहे. बहुतेक घरे नेमकी याच ठिकाणी हरतात. "पाहा, लाडाने बिघडला," म्हणतात आणि पुन्हा कडेवर घेतात, त्यामुळे पोराला कळते की एक नाही, दोन भांडी ओतावी लागतात. या घराने दम धरला. महिन्या-दीड महिन्यात गुंड ओतणे क्वचितवर आले. घरात पाहुणे आले की अजूनही ओततो. पण दंडावर थोपटणे मात्र त्याने आजीलाही लागू केले आहे, आणि थोरली बहीण अभ्यासाला बसली की तिलाही सोडत नाही!

ही युक्ती आमची नव्हे. कार आणि ड्युरंड या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की अशा मुलांना लक्ष किंवा मदत मागायची साधी रीत शिकवली तर त्यांचे त्रासदायक वागणे कमी होते. मात्र रीत त्याच कारणाची हवी. ज्याला काम नको आहे त्याला 'जवळ घ्या'ची खूण शिकवून उपयोग नाही, त्याला 'थांबा'ची खूण हवी. कारणे साधारणपणे चार धरतात : कोणाचे लक्ष हवे, एखादी वस्तू हवी, एखाद्या गोष्टीतून सुटका हवी, किंवा शरीरालाच त्या हालचालीतून काही मिळते. चौथ्या कारणाबाबत एक पथ्य आहे. पोर एकाएकी कान आपटू लागले, गालात मारून घेऊ लागले, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जावे. कानात पू, दातात कीड, पोटात बद्धकोष्ठ, ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे असेच बाहेर पडते.

टिपणातला सर्वांत गोंधळाचा शब्द म्हणजे प्रबलन. ज्या परिणामामुळे एखादे वर्तन पुढे वाढते, तो परिणाम म्हणजे प्रबलन. धन प्रबलन आणि ऋण प्रबलन असे दोन प्रकार. आमच्याकडे आलेली मुलगी ऋण म्हणजे शिक्षा असे धरून बसली होती, आणि परीक्षेत पुष्कळजण येथेच चुकतात. धन आणि ऋण येथे चांगले-वाईट या अर्थाने नाहीत. अधिक आणि वजा, एवढाच अर्थ. काही मिळाले म्हणून वर्तन वाढले तर धन, काही टळले म्हणून वाढले तर ऋण. दोन्हींत वाढच आहे. शाळेत पोराने पाटी फेकली, गुरुजींनी वर्गाबाहेर काढले. गुरुजींना वाटते शिक्षा केली. पोराला लिहिणे नको होते, ते टळले. उद्या पाटी लवकर फेकली जाते. गुरुजींचे पाहा, वर्गात शांतता झाली, कटकट टळली. उद्या गुरुजीही त्याला लवकर बाहेर काढतात. दोघेही एकमेकांना शिकवीत आहेत आणि पाटी मात्र कोरीच आहे.

मारण्याचेही असेच आहे. धपाटा बसला की पोर त्या क्षणी गप्प होते. त्यामुळे मारणाऱ्याच्या हाताला बक्षीस मिळते. पोराची सवय सुटत नाही, मारणाऱ्याची सवय मात्र पक्की होते. घरातल्या बाईला मारणाऱ्या पुरुषाबद्दलही हे लागू आहे, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.

"मग खाऊचे आमिष दाखवून शिकवायचे का? ही तर लाच झाली," असे एका सद्गृहस्थांनी आम्हांला विचारले. लाच काम बिघडवण्यासाठी असते आणि बहुधा आधी दिली जाते. पोर रस्त्यात लोळते म्हणून गप्प करायला बिस्किटाचा पुडा घेऊन देणे, ही खरी लाच. आणि त्यातून ते लोळायलाच शिकते. काम झाल्यावर, लगेच, ठरल्याप्रमाणे मिळते ते वेतन. आपण पगाराविना किती दिवस कामावर जाऊ? शिवाय बक्षीस म्हणजे गोळ्या-चॉकलेटच असे नाही. कोणाला टाळी आवडते, कोणाला सायकलच्या चाकाला हात लावून फिरवणे, कोणाला बोडीकाठी जाऊन बसणे. ते आपण ठरवायचे नसते, पोराकडे पाहून ओळखायचे असते. आणि नवे काम शिकताना दर वेळी द्यावे, जमू लागले की हळूहळू अधूनमधून. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची पकड किती घट्ट असते हे मटक्याचे आकडे लावणाऱ्यांच्या बायकांना सांगायला नको. हाच नियम उलटही फिरतो. नऊ वेळा "नाही" म्हणून दहाव्यांदा मोबाइल हातात दिला, तर आपण पोराला मटका शिकवला.

या विद्येचे मूळ बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकापासून उंदीर आणि कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत आहे. "म्हणजे आमची पोरे कबुतरे काय?" असे कोणी रागाने विचारले तर त्याचा राग आम्हांला समजतो. पण हेच नियम माणसाच्या पोरासाठी प्रेमाने वापरले तर काय होते, त्याचे एक उदाहरण १९६४ मध्ये वुल्फ, रिस्ली आणि मीस यांनी प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, चष्मा न वापरल्यास दृष्टी जाण्याचा धोका, आणि चष्मा तर तो डोळ्यांना लावू देत नव्हता. त्यांनी चष्मा लावायचा आग्रहच सोडला. खोलीत नुसत्या काच नसलेल्या चौकटी ठेवल्या. चौकट उचलली की खाऊ. मग हातात धरली की, मग डोळ्यांजवळ नेली की. असे तसूतसूने पुढे जात काचा बसवल्या, आणि शेवटी तो दिवसातले बरेच तास चष्मा लावून राहू लागला. या प्रयोगात पुढे त्याला घास जेवणाच्या वेळी, चष्म्याच्या बदल्यात दिले गेले. ते आम्हांला मान्य नाही. पोराचे जेवण हा त्याचा हक्क आहे, बक्षिसाच्या पेटीत तो ठेवायचा नसतो. पण पायऱ्या पाडण्याची रीत मोलाची आहे.

घरी हीच रीत शर्ट घालायला शिकवताना उलटीकडून वापरता येते. पाच बटणांपैकी चार आपण लावावीत, शेवटचे अर्धे लावून उरलेले त्याला ओढू द्यावे. काम त्याच्या हातून पुरे होते, शाबासकी त्याला मिळते. मग शेवटची दोन, मग तीन. हाताला हात धरून केलेली मदत नंतर मनगटाला बोट, नंतर नुसती खूण, अशी काढत जावी. मदत काढायची विसरली तर पोर बटण लावायला न शिकता कोणी हात धरण्याची वाट पाहायला शिकते. आपल्याकडे ज्या मायबहिणींनी बिड्या वळल्या आहेत त्यांना हे सारे ठाऊक आहे. कारखान्यात छाट काढून, मजुरी कापून बिडी वळायला कोणी शिकले नाही. शेजारी बसून पान कापून दाखवणाऱ्या, पहिल्या वाकड्या बिडीलाही "जमेल" म्हणणाऱ्या मावशीपाशी सगळ्या शिकल्या.

आता त्या मेलेल्या माणसाच्या कसोटीकडे येऊ, कारण आमच्या दृष्टीने या लेखाचा खरा मुद्दा तेथे आहे. या विद्येचा इतिहास निर्मळ नाही. इवार लोवास यांनी १९८७ मध्ये लॉस एंजेलिस येथून एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ लहान स्वमग्न मुलांना आठवड्याला ४० तास शिकवले आणि त्यांतील ९ मुले सर्वसाधारण शाळेत बरोबरीने बसू लागली, असा दावा होता. जगभर त्याचा गाजावाजा झाला. आजही केंद्रे '४० तास' म्हणतात त्याचे मूळ येथे आहे. पण कोणत्या मुलाला जास्त तास द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते, म्हणून त्या आकड्यावर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले. आणि त्या उपचारात मोठ्याने "नो" ओरडणे, प्रसंगी मांडीवर चापट मारणे हेही होते. त्याआधी १९६० च्या दशकात तर त्यांनी विजेचे झटके वापरले होते. पुढे मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांनी स्वतः लिहून सांगितले की आम्हांला हात हलवू दिला नाही, डोळ्यांत बघायला भाग पाडले, आम्ही आतून घाबरून वरून शहाणे दिसत होतो. आम्हांला ही साक्ष फार महत्त्वाची वाटते. हात फडफडवल्याने कोणाचे काही बिघडत नाही. ते थांबवण्यासाठी पोराचे दोन तास घालवणे हे शिक्षण नव्हे.

आपल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. मान खाली घालून, हुकूम ऐकून, जागच्या जागी गप्प बसण्याचे शिक्षण आपल्या आज्या-पणज्यांना पिढ्यान्पिढ्या मिळाले. त्याला कोणी गुण म्हणत असे. म्हणून या कामाला लागलेल्या मुलींना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की वहीत "ऐकतो" असे लिहून समाधान मानू नका. आज त्याने काय मागितले ते लिहा. आज त्याने कशाला "नको" म्हटले आणि तुम्ही ते मानले का ते लिहा. तोंडाने, हाताने, चित्राच्या कार्डाने, कसेही. जे पोर प्रत्येक मोठ्या माणसाचा हात मुकाट धरते ते पोर वाईट माणसाचाही हात धरते. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे, पण ज्याला नकार शिकवलाच नाही ते पोर त्या कायद्याच्या दारापर्यंत कसे येणार?

नोकरीबद्दल थोडे. अमेरिकेतील एका मंडळाने २०१४ पासून 'रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन' ही नोंदणी सुरू केली. तिच्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाची चाचणी आणि परीक्षा लागते, आणि पुढेही दरमहा कामाच्या किमान ५ टक्के तास वरिष्ठाच्या देखरेखीखाली काढावे लागतात. परंतु २०२३ पासून ते मंडळ भारतात राहणाऱ्यांना ही नोंदणी देत नाही. तेव्हा ४० तासांचा कोर्स करून त्या नोंदणीचे आमिष कोणी दाखवीत असेल तर पैसे भरण्याआधी चार वेळा विचारा. ते शिकणे वाया जात नाही, पण कागद म्हणजे परवाना नव्हे. आपल्या देशात पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. विशेष शिक्षक, वाचा-उपचार तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे तिच्या यादीत आहेत. वर्तन तंत्रज्ञ असा वेगळा वर्ग नाही. म्हणजे तुमच्या वर नोंदणी असलेला माणूस आहे का, तो आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष येऊन तुमचे काम पाहतो, हे कामाला लागण्यापूर्वी विचारायचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. एकट्या पोरीवर सहा मुले सोपवून मॅडम फोनवरून सूचना देत असतील तर तेथे ना मुलांचे भले ना तुमचे. ज्यांना या क्षेत्रात टिकायचे आहे त्यांनी विशेष शिक्षणाची परिषदमान्य पदविका करावी असे आमचे मत आहे.

आणि सगळे काही अमेरिकेतूनच आले असे नाही. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मतिमंद संस्थेसाठी रीता पेशावरिया व एस. वेंकटेशन यांनी १९९२ मध्येच, भारतीय मुलांसाठी, आपल्या घरांतली कामे धरून, वर्तन मोजण्याची पट्टी आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शिका तयार केली. ही संस्था आज बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरणाच्या नावाने ओळखली जाते. केंद्रात काम करणाऱ्या मुलींनी ती मार्गदर्शिका मागून घेऊन जरूर वाचावी.

मायबापांसाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येते. विकासातला विलंब पाहणे हे त्यांचे काम आहे, म्हणून त्या दिवशी पोराला घरी लपवू नका. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, अशी या कार्यक्रमात सोय आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांत स्वतंत्रपणे आहे. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक ठरले तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड निघाल्यावर निरामय आरोग्य विम्याचाही अर्ज करावा, त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे.

डॉक्टरांकडे जाताना आधार कार्ड, जन्माचा दाखला, फोटो यांबरोबर ती तीन रकान्यांची वहीही न्यावी. डॉक्टरांपाशी दहा मिनिटे असतात आणि त्या दहा मिनिटांत पोर बहुधा शहाण्यासारखे बसते. निदान दहा दिवसांच्या नोंदी असाव्यात. कोणाला रकाने आखून हवे असतील त्यांनी रविवारी सकाळी कोंढ्याच्या विहारात कोरी वही घेऊन यावे. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीला सोबत आणावे.